ओट्स-भाज्यांची टिक्की तव्यावर फुटते? पीठ वाढवू नका, पाणी शोधा

कमी तेलात तव्यावर भाजलेली ओट्स-भाज्यांची टिक्की कागदावर फार सोपी दिसते. उलटायची वेळ आली की खालचा पापुद्रा तव्यालाच चिकटून राहतो, वरचा लगदा उलथन्यावर येतो आणि ताटात टिक्कीऐवजी परतलेली भाजी वाढली जाते. मग पुढच्या खेपेला मूठभर ओट्स जास्त पडतात. त्याच्या पुढच्या खेपेला कॉर्नफ्लोर, नाहीतर ब्रेडचा चुरा. अशी पीठ वाढवत नेलेली टिक्की एकदाची आकार धरते खरी, पण दडस होते, घासागणिक पाणी लागतं आणि मुलं अर्धी टाकून उठतात.

टिक्की फुटली की आपण धरून चालतो की बांधणारं काहीतरी कमी पडलं. बहुतेक वेळा बांधणारं पुरेसं असतं, पाणी जास्त झालेलं असतं. पाणी तसंच ठेवून पीठ वाढवलं तर फुटणं थोडं कमी होतं आणि चव पूर्ण जाते.

तव्यावरची टिक्की तळलेल्या टिक्कीपेक्षा जास्त नखरे का करते, हेही समजून घ्यायला हवं. कढईत १७०-१८० अंशांचं तेल टिक्कीला चारी बाजूंनी एकदम भिडतं आणि काही सेकंदांत कवच धरतं. आतलं मिश्रण सैल असलं तरी ते कवच त्याला सांभाळून घेतं. तव्यावर चमचाभर तेल, उष्णता फक्त खालून, आणि वरची बाजू तोपर्यंत उघडी. कवच हळूहळू तयार होतं, तोवर मिश्रणाला स्वतःच्या जिवावर उभं राहावं लागतं. त्यामुळे तळणीत उत्तम होणारं मिश्रण तव्यावर हमखास दगा देऊ शकतं. तेल कमी करायचं असेल तर मिश्रणाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, याला इलाज नाही.

नेमकी कधी फुटते?

'टिक्की फुटते' एवढ्याने निदान होत नाही. कुठल्या टप्प्यावर फुटते ते पाहिलं की अर्धं उत्तर मिळतं.

वळतानाच हाताला चिकटत असेल, तळव्यावरून सुटत नसेल, तर पाणी जास्त आहे. वळताना कडांना भेगा पडत असतील तर उलट, मिश्रण कोरडं आहे. तव्यावर टाकल्यावर पसरट होत जात असेल तर मिश्रण गरम किंवा ओलं आहे, नाहीतर तवा तापलेला नाही. उलटताना खालचा थर तव्यावर राहत असेल तर मिश्रणाला दोष देण्याआधी तव्याकडे आणि स्वतःच्या घाईकडे बघा. उलटून झाल्यावर, ताटात घेताना मधोमध दोन तुकडे होत असतील तर टिक्की फार मोठी किंवा जाड आहे, किंवा आत मटार-मक्याचे अख्खे दाणे आहेत.

या शेवटच्या कारणाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मटार, मक्याचे दाणे, फरसबीचे मोठे तुकडे यांची साल गुळगुळीत असते, बटाट्याचा लगदा तिला धरून राहत नाही. असा प्रत्येक दाणा म्हणजे टिक्कीतली एक तयार भेग. मटार उकडून हाताने चेचा, मका अर्धा तरी भरडून घ्या, फरसबी डाळीच्या दाण्याएवढी चिरा. हौसेने दोन-चार दाणे अख्खे दिसायला हवे असतील तर वळून झाल्यावर वरून दाबून बसवा.

प्रमाणाचा एक आधार

पुढचं सगळं कशाच्या हिशोबाने सांगते आहे ते कळावं म्हणून प्रमाण देते. साधारण ९ टिक्क्यांसाठी: उकडलेला बटाटा २०० ग्रॅम (दोन मध्यम), पाणी काढून झाल्यावरच्या भाज्या मिळून २०० ग्रॅम, रोल्ड ओट्स ५० ग्रॅम म्हणजे आपली नेहमीची एक वाटी, आलं-मिरचीचा ठेचा, धने-जिरे पूड, आमचूर, कोथिंबीर आणि पाऊण छोटा चमचा मीठ. एक टिक्की ५० ग्रॅमची, ७ सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटर जाड. याहून मोठी केली तर उलटताना अडचण, याहून पातळ केली तर ती थालीपिठाच्या वाटेने जाते.

'पाणी काढून झाल्यावरच्या' हे शब्द महत्त्वाचे. पाककृतीत 'एक वाटी किसलेला दुधी' असं लिहिलेलं असतं आणि आपण किसून तसाच घालतो. पिळल्यावर त्या वाटीतला निम्माही दुधी उरत नाही.

पाणी येतं कुठून

दुधीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. कोबी आणि पालक यांत ९० टक्क्यांच्या वर, गाजर-बीटमध्ये ८७-८८, बटाट्यात ८० च्या आसपास. भाजी चिरली, किसली की तिच्या पेशी फाटतात आणि हे पाणी मोकळं व्हायला लागतं. किस जितका बारीक तितक्या पेशी जास्त फाटणार, तितकं पाणी जास्त. म्हणून गाजर किसणीच्या जाड बाजूने किसा. लांब, जाडसर किसाचा आणखी एक फायदा म्हणजे ते धागे टिक्कीत आडवेतिडवे बसतात आणि तिला धरून ठेवतात. दोरी ओढायच्या चॉपरमध्ये भाज्यांचा अगदी भुगा केला तर हे दोन्ही फायदे जातात. वेळ वाचतो हे खरं, पण मग तो भुगा फडक्यात घालून पिळायची तयारी ठेवा.

मीठ हा दुसरा भागीदार. मीठ लागलं की भाजी पाणी सोडते, हे कोशिंबिरीमुळे सगळ्यांना माहीत आहे. टिक्कीच्या वेळी नेमकं तेच विसरलं जातं. सगळं एकत्र करून मीठ घालून मिश्रण झाकून ठेवलं, मग चटणी वाटली, मुलांचा अभ्यास घेतला, आणि परत येऊन बघितलं तर भांड्याच्या तळाशी पाणी. मीठ दोन पद्धतींनी वापरता येतं. एक तर दुधी, कोबी, काकडीवर्गातल्या भाज्यांना आधीच थोडं मीठ चोळून १० मिनिटं ठेवायचं आणि घट्ट पिळून घ्यायचं. किंवा मीठ अगदी शेवटी, टिक्क्या वळायच्या आधी घालायचं. पहिली पद्धत घेतलीत तर नंतरचं मीठ कमी करा. पिळलेल्या भाजीत थोडं उरलेलंच असतं. पिळून निघालेलं पाणी टाकू नका, कणीक मळायला घ्या.

पालक आणि मेथी चिरून कच्ची घालू नका. गरम कढईत पाणी न घालता दोन मिनिटं परतली की आळते, मग गार करून मुठीत दाबायची. कांदा हवाच असेल तर बारीक चिरून चांगला परतून घ्या. कच्चा कांदा तव्यावर गेल्यावर पाणी सोडतो, म्हणजे आपण सगळी काळजी घेतल्यानंतर. फ्रोझन मटार पूर्ण सुटे होऊ द्या आणि फडक्यावर पसरून टिपा. आंबटपणासाठी लिंबू पिळण्यापेक्षा आमचूर बरा. बाटलीतली आलं-लसूण पेस्ट पातळ असते, तिच्याऐवजी खलबत्त्यात कुटून घ्या. टोमॅटोला या मिश्रणात जागा नाही. त्याची चटणी करा.

आता बटाटा, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. सोलून, फोडी करून पाण्यात उकडलेला बटाटा पाणी पिऊन येतो. अख्खा, सालासकट उकडा. कुकरची वाफ जिरली की लगेच पाण्यातून बाहेर काढा. कुकरमध्ये तसाच राहिला तर फुटलेल्या सालीतून पाणी आत जात राहतं. सोलून ताटात पसरून ठेवा, अंगची वाफ जाऊ द्या. पूर्ण गार झाल्यावर किसणीवर किसा. गरम बटाटा कुस्करला की सैल लागतो आणि आपण घाबरून पीठ घालतो. तोच बटाटा गार झाला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि मिश्रण आपोआप आवळतं. जमलं तर आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळच्या डब्याच्या घाईतही हेच सोयीचं.

आणि मिक्सर? बटाट्यासाठी कधीच नाही. पात्यांनी पेशी फाटून सगळा स्टार्च बाहेर येतो आणि डिंकासारखा ताणला जाणारा गोळा होतो. त्याची टिक्की फुटत नाही, पण खाववतही नाही.

जानेवारीनंतर बाजारात नवा बटाटा येतो, पातळ सालीचा, बोटाने खरवडला तरी साल निघणारा. रस्सा भाजीला तो छान. टिक्कीला मात्र ओला आणि चिकट पडतो. भाजीवाल्याकडे जुना बटाटा मागा. तोही कोल्ड स्टोरेजमधला असला तर कधीकधी गोडसर निघतो, कारण थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. गोड बटाट्याची टिक्की आत गरम होण्याआधीच बाहेरून काळी पडते. घरी कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवल्यानेही हेच होतं.

बटाटा नकोच असेल तर माझं मत कच्च्या केळ्याला. सालासकट उकडून, गार करून किसलेलं कच्चं केळं बटाट्यापेक्षा कोरडं असतं आणि आकार फार चांगला धरतं. रताळं लवकर करपतं, लाल भोपळा पाणचट. पनीर पौष्टिक आहे, पण ते बांधत नाही, उलट मिश्रण भुरभुरीत करतं. बटाट्याच्या पावपटीपेक्षा जास्त घालू नका. चीज वितळून बाहेर येतं आणि तव्याला चिकटतं, ते टिक्कीच्या पोटात ठेवायला हरकत नाही, मिश्रणात मिसळू नका.

ओट्स नक्की काय करतात

ओट्समध्ये गव्हाच्या कणकेसारखं ग्लूटेनचं जाळं होत नाही. त्यामुळे कितीही मळलं तरी कणकेसारखा ताण येत नाही. ओट्सची पकड दोन गोष्टींची. एक, बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू; तो पाणी शोषून बुळबुळीत, चिकट होतो. दुसरा, स्टार्च, तो साधारण ६० अंशांच्या पुढे फुगून घट्ट होतो. पहिल्याला वेळ लागतो, दुसऱ्याला उष्णता. आपण सहसा दोन्ही देत नाही: ओट्स घातले की लगेच वळायला घेतो, आणि तव्यावर टाकली की लगेच उलटायला जातो.

म्हणून ओट्स मिसळल्यावर मिश्रण २० मिनिटं झाकून ठेवा. मिसळल्या मिसळल्या ते ओलंच लागणार. त्या क्षणी आणखी ओट्स घालायचा मोह टाळायचा, कारण घातलेल्या ओट्सनी अजून पाणी प्यायलेलं नसतं. २० मिनिटांनी तेच मिश्रण वळण्याजोगं होतं. तेव्हाही ओलं वाटलं तर पुढचं बघू. आता हा विसावा आणि आधी सांगितलेलं मिठाचं तंत्र एकमेकांच्या आड येतात असं वाटेल. येत नाहीत: ओट्स घालून ठेवताना मीठ घालू नका, वळायच्या आधी घाला आणि मग रेंगाळू नका.

ओट्स घालण्याआधी मंद आचेवर ३-४ मिनिटं कोरडे भाजून घ्या. खमंगपणा येतो, कच्ची चव जाते, आणि पावसाळ्यात डब्यात सर्दावलेले असतील तर तो ओलावाही निघतो. मग निम्मे ओट्स मिक्सरवर एकदाच फिरवून जाडसर भरडा, निम्मे तसेच ठेवा. सगळ्यांचं बारीक पीठ केलं तर आत पिठूळ गोळा होतो. सगळे अख्खे ठेवले तर कडेने सुटून तव्यावर सांडतात आणि करपतात.

पाकीट कोणतं, हाही प्रश्न आहे. रोल्ड ओट्स या कामाला सर्वांत चांगले. इन्स्टंट ओट्स फार पातळ दाबलेले असतात, पटकन पाणी पिऊन लगदा होतात. तेच घरात असतील तर भरडू नका आणि विसावा ८-१० मिनिटांवर आणा. स्टील-कट म्हणजे नुसते तुकडे केलेले दाणे, ते तव्यावर शिजत नाहीत, दाताखाली कचकचतात. मसाला ओट्स घालू नका. त्यात आधीच मीठ असतं, त्यावर आपलं मीठ पडलं की टिक्की खारट होते, आणि सगळ्या भाज्यांना त्या पाकिटाचाच वास लागतो. टिक्की कडू लागली तर मेथीवर संशय घेण्याआधी ओट्सचा वास घ्या. ओट्समध्ये इतर धान्यांच्या मानाने स्निग्धांश जास्त असतो, उघडं पाकीट बरेच दिवस राहिलं तर ते खवट होतात.

घरात कुणाला ग्लूटेनचा आजारच असेल तर साधे ओट्स चालत नाहीत. कारखान्यात आणि शेतात त्यांत गहू मिसळलेला असू शकतो. ग्लूटेनमुक्त असं छापलेलं पाकीट आणि डॉक्टरांचा सल्ला, दोन्ही घ्या.

तरीही सैल आहे तर

मिश्रणाचा छोटा गोळा मुठीत दाबा, तळव्यावर चपटा करा. तळवा जवळपास स्वच्छ राहिला आणि कडा गुळगुळीत असतील तर झालं. बोटांना चिकटत असेल तर आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा. त्यानेही भागलं नाही तरच दुसरं पीठ, तेही एका वेळी एक मोठा चमचा.

कोणतं पीठ? माझ्या पसंतीत पहिली थालीपिठाची भाजणी. ती आधीच भाजलेली असते, त्यामुळे कच्चट लागत नाही, आणि धन्या-जिऱ्याचा स्वाद मिळतो तो वेगळाच. तिच्या खालोखाल पातळ पोह्यांचा मिक्सरवर केलेला चुरा. तो पाणी झटकन ओढून घेतो. बेसन चांगलं पकडतं, पण कोरडं भाजून घ्या, नाहीतर डाळीचा कच्चा वास राहतो. जवसाची पूडही चालते: एक चमचा पूड तीन चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवली की बुळबुळीत होते. मात्र ही युक्ती कोरड्या मिश्रणासाठी आहे, ओल्यासाठी नाही. अंड्याचंही तसंच. ओल्या मिश्रणात अंडं फोडून घालणं म्हणजे आणखी पाणी ओतणं. कॉर्नफ्लोर आणि मैदा काम करतात, पण मग एवढा ओट्सचा खटाटोप कशासाठी केला?

कडांना भेगा पडत असतील तर चमचाभर दही किंवा थोडा किसलेला बटाटा मिसळा. पाणी शिंपडायचं असेल तर छोट्या चमच्याने, आणि मग ५ मिनिटं थांबून.

या सगळ्यावर एक उपाय भारी आहे: आधी एकच टिक्की भाजा. बाकीचं मिश्रण भांड्यात असतानाच मीठ, तिखट आणि पकड, तिन्ही कळतात. सगळ्या टिक्क्या वळून ताटात मांडल्यावर दुरुस्ती करणं जिवावर येतं.

तवा

मिश्रण नीट असूनही टिक्की चिकटते, तेव्हा दोष तापमानाचा आणि घाईचा. कोमट तव्यावर टाकलेली टिक्की तव्याशी एकजीव होते. तवा मध्यम आचेवर तापवा, पाण्याचा थेंब टाकला की तो तडतडून उडाला पाहिजे. मग तेल, तेल गरम झालं की टिक्की. नॉन-स्टिक तवा रिकामा मोठ्या आचेवर तापवत ठेवू नका. २६० अंशांच्या पुढे त्याचं आवरण खराब व्हायला लागतं.

टिक्की टाकली की आच मध्यमपेक्षा थोडी कमी करा आणि ४ मिनिटं हात लावू नका. उलथनं खाली सरकवून 'झाली का' बघणं, वरून दाबणं, जागेवरून हलवणं, यातलं काहीही नाही. सुरुवातीला प्रत्येक टिक्की तव्याला धरतेच. खालून कवच वाळून तांबूस झालं की ती स्वतःहून सुटते. तोवर आतही उष्णता पोचून ओट्सचा स्टार्च आवळलेला असतो. तवा धरून हलकासा हलवा. टिक्की सरकली तर उलटायची वेळ झाली, नाही सरकली तर अजून एक मिनिट. हलवूनही एखादी जागची हलत नसेल तर तिला ओरबाडू नका, आच आणखी कमी करून थांबा.

उलथनं पातळ कडेचं, टिक्कीच्या रुंदीचं हवं. लाकडी जाड उलथन्याने खालचा थर सोलला जातो. दुसऱ्या हातात चमचा घेऊन वरून हलका आधार द्या आणि जवळून उलटा, हवेतून नाही.

दोन टिक्क्यांत बोटभर अंतर ठेवा. खेटून ठेवल्या तर एकमेकींची वाफ अडते, टिक्क्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात आणि तवाही एकदम गार पडतो. झाकणाचंही तेच. भाज्या वाफवलेल्या, परतलेल्या असतील तर झाकणाची गरज नाही. कच्चा गाजराचा किस असेल तर पहिली २ मिनिटं झाका, मग काढा. दुसरा घाणा टाकण्याआधी तव्यावरचा चुरा पुसून घ्या; तो जळतो आणि नव्या टिक्क्यांना काळे ठिपके चिकटतात.

बिडाचा जुना, तेल मुरलेला तवा असेल तर या कामाला त्याच्यासारखा दुसरा नाही. उष्णता धरून ठेवतो, फ्रिजमधून काढलेल्या टिक्क्या टाकल्या तरी गार पडत नाही. त्याच्यावर भाकरी किंवा पोळी भाजली जात असेल तर आधी थोडं तेल लावून, तापवून, पुसून घ्या. स्टीलच्या पॅनवर ओट्सची टिक्की करायचा हट्ट धरू नका.

बाहेरून काळी, आतून गार असेल तर आच मोठी किंवा टिक्की जाड. तेलकट झाली तर तेल गार होतं. बाहेरून कुरकुरीतपणा कमी वाटत असेल तर वळलेल्या टिक्कीला बारीक रव्याचा अगदी पातळ हात लावा. तो वरचा ओलावा शोषतो, आणि ब्रेडच्या चुऱ्याइतकं तेल पीत नाही. एअर फ्रायरमध्ये उलटताना तुटण्याची भीती जवळजवळ संपते. १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, वरून ब्रशने तेल लावून, मध्ये एकदा उलटून. टिक्की थोडी कोरडी होते आणि तव्यावरचा खमंगपणा येत नाही, एवढं मात्र मान्य करावं लागतं.

पौष्टिक किती, याचा हिशोब

छोटा चमचाभर तेल म्हणजे ५ मिलिलिटर, सुमारे ४० कॅलरी. तेल तव्यावर ओतण्याऐवजी ब्रशने टिक्कीच्या दोन्ही बाजूंना लावलं तर एका चमच्यात चार टिक्क्या होतात. खरा फायदा इथे आहे, आणि त्यात गेलेल्या भाज्यांत.

ओट्समुळे कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून कुणी टिक्की खात असेल तर आकडे बघून घ्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर तसा दावा करायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशोबाने. ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के असतं. आपल्या ५० ग्रॅम ओट्समध्ये झालं २ ग्रॅम, तेही ९ टिक्क्यांत वाटलेलं. तीन टिक्क्या खाल्ल्या तर पाऊण ग्रॅमही पोटात जात नाही. टिक्की चांगली आहे, औषध नाही. आणि बाटलीतलं सॉस ओतून खाल्ली तर साखर-मीठ दोन्ही वाढतं. पुदिन्याची चटणी किंवा दही घ्या.

डबा आणि फ्रीझर

सकाळी कुरकुरीत भरलेली टिक्की दुपारी ओली निघते, कारण गरम असताना डब्याचं झाकण लागतं. वाफ झाकणाला लागून परत टिक्कीवर ठिबकते. जाळीवर १० मिनिटं पूर्ण गार करा, डब्यात खाली कागदी रुमाल घाला, चटणी वेगळ्या डबीत द्या. तरी ती कुरकुरीत राहणार नाही, पण ओलीचिंबही होणार नाही.

साठवायच्या असतील तर वळलेल्या टिक्क्या ताटात सुट्या मांडून आधी गोठवा, कडक झाल्या की पिशवीत भरा. महिनाभर चांगल्या राहतात. भाजताना बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका. बर्फाचं पाणी सुटलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. गोठलेलीच तव्यावर, मंद आचेवर, प्रत्येक बाजूला ६-७ मिनिटं.

मिश्रण हाताबाहेर गेलंच तर

इतकं ओलं झालंय की वळतच नाही, तर टिक्कीचा नाद सोडा. वाटीभर भाजणी किंवा ज्वारीचं पीठ मिसळा, तीळ घाला, मीठ-तिखट चाखून वाढवा आणि तेल लावलेल्या तव्यावर थालीपीठ थापा. फार कोरडं, भुरभुरीत झालंय तर थोडं बेसन आणि पाण्याचा हबका मारून लांबट मुटके वळा, कोथिंबीर वडीसारखे १५ मिनिटं वाफवा, गार झाल्यावर कापा आणि मोहरी-हिंगाची फोडणी द्या. आणि तव्यावर फुटलेल्याच असतील, तर तसाच चुरा खरपूस परतून पोळीत कांद्याबरोबर गुंडाळा, त्यावर चटणी लावा. थालीपीठ लावणार असाल तर मध्ये भोक पाडून तिथेही तेल सोडा, या मिश्रणाचं थालीपीठ मध्येच कच्चं राहतं.